कोंड्याचा मांडा, पण कोंडा कोणाकडे?

शासकीय पुस्तिकांची भाषा वरकरणी मोठी निरागस असते. कुक्कुटपालनाची माहिती देणारी कोणतीही पुस्तिका उघडली तरी खुराड्यातील गादीच्या प्रकरणात एकाच अर्थाचे वाक्य हमखास आढळते. भाताचे तूस वापरावे. ते न मिळाल्यास भुईमुगाची टरफले, चिरलेले काड, लाकडाचा भुसा किंवा स्थानिक पातळीवर स्वस्तात उपलब्ध होणारा कोणताही टाकाऊ पदार्थ चालेल, असा त्या वाक्याचा आशय. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु ‘स्थानिक’, ‘स्वस्त’, ‘उपलब्ध’ आणि ‘टाकाऊ’ हे चार शब्द ज्या गृहीतांवर उभे आहेत, त्यांपैकी एकही गृहीत आज ग्रामीण महाराष्ट्रात तपासून पाहिलेले नाही. शेतकऱ्याने पिकवलेल्या मालाचा निम्माशिम्मा भाग त्याच्या हिशेबातून कसा नाहीसा झाला, याचा इतिहास या चार शब्दांआड दडलेला आहे.

प्रश्न कोंबडीच्या पायाखालच्या भुशाचा आहे, म्हणून तो क्षुद्र मानण्याचे कारण नाही. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची एकात्मिक कुक्कुट विकास योजना आहे. तिच्यात ८ ते १० आठवडे वयाच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गट लाभार्थ्यास ५० टक्के अनुदानावर दिला जातो. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. अनुदान सोडून उरणारे निम्मे पैसे लाभार्थ्याने उभे करायचे असतात. पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात काय किंवा अन्यत्र काय, कोंबडी ही बहुधा घरातील बाईची मालमत्ता असते. अंडी विकून येणारा पैसा हा तिच्या हाती राहणारा, नवऱ्याला वा सावकाराला न विचारता खर्च करता येणारा पैसा असतो. त्या पैशाचे भवितव्य पुढील तीन-चार महिन्यांत ठरते; कारण तलंग अंड्यावर येईपर्यंत तिच्यावर केवळ खर्च असतो आणि उत्पन्न शून्य. या काळात ती दगावली, तर निम्मे अनुदानही बुडाले आणि निम्मे कर्जही डोक्यावर राहिले.

गादीचे काम

या नाजूक काळात तलंग जगवण्याचे काम खाद्य आणि लस यांच्याइतकेच पायाखालची गादी करते. पूर्ण वाढलेल्या २८ पक्ष्यांची विष्ठा दिवसाला सुमारे तीन किलो भरते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पाणी असते. म्हणजे दररोज दोन लिटरहून अधिक पाणी खुराड्याच्या जमिनीवर पडते. भांड्यातून सांडणारे पाणी आणि पावसाळ्यातील दमट हवा यांची भर वेगळीच. गादीने हे पाणी शोषावे, पुन्हा हवेत सोडावे आणि पक्ष्याची छाती व पाय कोरडे ठेवावेत, अशी अपेक्षा असते. गादीतील ओलावा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर ती मोकळी राहते. तो ३० टक्क्यांच्या वर गेला की तिचे पापुद्रे धरू लागतात, विष्ठेतील नत्रापासून अमोनिया सुटू लागतो आणि हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण २५ भागांपलीकडे गेले की पक्ष्यांचे डोळे व श्वासनलिका यांना इजा होते. ओल्या गादीत रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी पक्व होतात आणि टोचताना पुन्हा पोटात जातात. तरुण पक्ष्यांचा हा सर्वांत मोठा शत्रू आहे. औषध देऊनही गादी ओलीच राहिली, तर त्या औषधाचा उपयोग किती, हे कोणताही पशुवैद्य सांगू शकेल.

गादीचे आणखी एक काम आहे, आणि ते केवळ आरोग्याचे नाही. उकरणे, टोचणे आणि धुळीत लोळणे या कोंबडीच्या उपजत गरजा आहेत. तलंगांना कोवळ्या वयात उकरायला काड-भुसा मिळाला, तर पुढे एकमेकींची पिसे उपटण्याची खोड कमी राहते, हे संशोधनाने दाखवून दिले आहे. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशानुसार १ जानेवारी २०१२ पासून कोणतीही सोय नसलेले जुने तारेचे पिंजरे बेकायदा ठरवले आणि अंड्यावरील कोंबडीला टोचण्या-उकरण्याजोगी गादी हवी, हे तत्त्व मान्य केले. भारतीय विधी आयोगानेही जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९व्या अहवालात कोंबड्यांच्या निवासाचा विचार केला. युरोपात कायदा करून जे कोंबडीला परत द्यावे लागले, ते आपल्याकडील परसातल्या कोंबडीपाशी पूर्वापार होते. म्हणून गादीचा प्रश्न जुनाट नाही. तो उद्याच्या कुक्कुटपालनाचा प्रश्न आहे.

तुसाचा प्रवास

आता ‘स्थानिक’ आणि ‘टाकाऊ’ या दोन शब्दांकडे वळावे. गादीसाठी सर्वत्र रूढ असलेला पदार्थ म्हणजे भाताचे तूस. ते हलके असते, मोकळे राहते, लवकर वाळते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत धान हेच मुख्य पीक असल्यामुळे तेथे तरी तुसाची वाण पडू नये, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र धान पिकवणाऱ्या घरातील बाईला तूस गिरणीवरून पोत्याने विकत आणावे लागते. हे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे.

धान जेव्हा घरी उखळात कांडले जाई, तेव्हा तांदूळ, कणी, कोंडा आणि तूस ही चारही घरातच राहत. कणी आणि कोंडा गुराकोंबड्यांना, तूस गोठ्यात किंवा चुलीत. पुढे गावोगावी हलर आले. त्यांनी कांडपाचे कष्ट वाचवले, पण तूस भरडून कोंड्यात मिसळून टाकले. तरीही धान घेऊन गेलेला माणूस त्या मिश्रणाचे पोते घरी आणू शकत होता. त्यानंतर मोठ्या राईस मिल आल्या आणि त्याबरोबर शासकीय धानखरेदी. महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्या केंद्रांवर शेतकरी किमान आधारभूत किमतीने धान देतो. ते धान भरडाईसाठी मिलकडे जाते. साध्या तांदळाच्या बाबतीत १०० किलो धानामागे मिलने ६७ किलो तांदूळ शासनाला परत करायचा, असा नियम आहे. उरलेल्या ३३ किलोंपैकी सुमारे २० किलो केवळ तूस असते. ते तूस, कोंडा आणि इतर उपपदार्थ मिलमालकाकडे राहतात. किंबहुना ते त्याच्याकडे राहतात म्हणूनच भरडाईचा दर अल्प ठेवणे परवडते. या व्यवहारात शासन, मिलमालक आणि शिधापत्रिकाधारक या सर्वांचा विचार झाला आहे. ज्याच्या बांधीत ते तूस पिकले, तो शेतकरी मात्र पक्षकार नाही.

थोडे गणित केले की या व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट होते. २८ तलंगांच्या गटाला साधारणपणे ५० चौरस फुटांचे खुराडे लागते. त्यात साडेसात सेंटीमीटर जाडीची तुसाची गादी घालण्यास सुमारे ४० किलो तूस पुरते. ती हळूहळू वाढवून १५ सेंटीमीटर केली, तरी एकूण ८० किलो. आता एखाद्या घराने हंगामात २० क्विंटल धान खरेदी केंद्रावर दिले असेल, तर त्याबरोबर त्या घराने ४०० किलो तूसही दिलेले असते. म्हणजे स्वतःच्या तलंगांना जेवढे पुरावे त्याच्या पाचपट तूस ते घर देऊन बसते आणि त्यानंतर त्याच तुसातले एकेक पोते रोख पैसे मोजून परत आणते. तूस ‘स्थानिक’ आहे ही गोष्ट खरी. परंतु मिलच्या आवारात ते जितके स्थानिक आहे तितके खुराड्यात नाही.

यावर अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके वाचलेला एखादा अधिकारी म्हणेल की, शेतकऱ्याला धानाचा भाव मिळाला, त्यात तुसाचेही पैसे आलेच. हा युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाही. आधारभूत किंमत ठरवताना पीक-उत्पादनाचा खर्च विचारात घेतला जातो; बॉयलरसाठी तुसाला आलेली मागणी नव्हे. तुसाचा भाव चढला म्हणून धानाचा आधारभूत भाव चढला, असे कधी घडत नाही. चढलेला भाव मिलच्या आवाराबाहेर येत नाही. विकत घेणाऱ्या बाईला मात्र तो लागू होतो. आणखी एक विसंगती आहे. उत्पादनखर्चाच्या सरकारी हिशेबात एकूण खर्च मुख्य पीक आणि उपपदार्थ यांच्यात त्यांच्या मूल्याच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे तणसाला मूल्य आहे असे धरून धानाच्या खर्चातून तेवढा वाटा वजा होतो. शेतकऱ्याचा खर्च मोजताना तणस मौल्यवान आणि कुक्कुटपालनाची पुस्तिका लिहिताना तेच तणस टाकाऊ, असा हा न्याय आहे. ‘टाकाऊ’ हा शब्द येथे वस्तूचे वर्णन करीत नाही. तो तिच्या मालकाला हक्क सोडायला सांगतो.

दुसऱ्याच्या वस्तूला आधी निरुपयोगी ठरवायचे आणि मग ती उचलायची, ही रीत नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने डोंगर-कुरणे ताब्यात घेतल्यामुळे लहान शेतकऱ्याच्या गाईबकऱ्यांचा चारा आणि त्याचा फळापानांचा आधार कसा तुटला, हे दाखवले आहे. तेव्हा कुरणे गेली. आता शेतातच उगवलेल्या काडाची आणि तुसाची पाळी आहे. फरक इतकाच की या वेळी कोणतेही खाते बंदुकीचा शिपाई घेऊन येत नाही, सगळे वजनकाट्यावर आणि पावतीनिशी होते.

पर्यायाची किंमत

तूस महागले की तज्ज्ञ मंडळी पर्याय सुचवतात. अवशेषांची यादी लांबलचक आहे, आणि शास्त्रीयदृष्ट्या तिच्यात खोटे काही नाही. परंतु प्रत्येक पदार्थापुढे एक प्रश्न विचारायला हवा: आज तो कोणाच्या वाट्याचा आहे?

सोयाबीन, तूर आणि हरभरा यांचे कुटार गादीला वापरता येते. पण ते बैलाचे व गाईचे उन्हाळ्यातील अन्न आहे. कोंबडीच्या पायाखाली घालण्यासाठी गाईच्या दावणीतून काढून घ्यायचे, हा सल्ला ज्याच्या दारात गाय नाही त्यानेच द्यावा. उसाच्या चिपाडाची गादी चांगली होते; मात्र त्यात उरलेली साखर ओल लागताच आंबते, म्हणून ते नीट वाळवावे लागते. शिवाय चिपाड साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते आणि त्यापासून होणारी वीज विकली जाते. ते उत्पादकाच्या घरी परत येत नाही. उसाचे पाचट शेतात राहते हे खरे. परंतु त्यावर पहिला हक्क जमिनीचा आहे, आणि मजुराअभावी वा घाईपोटी ते पेटवले जाते हा जमिनीवरचा अन्याय आहे. भुईमुगाची टरफले हलकी आणि शोषक. पण दमट जागी ठेवली की त्यांना बुरशी धरते. या बुरशीतून विष तयार होते आणि उकरणारी, टोचणारी तलंग ते पोटात घेते. मक्याची बुरकुंडे कुटल्याशिवाय उपयोगाची नाहीत. कापसाची पऱ्हाटी यंत्राने बारीक केल्याशिवाय गादीत चालत नाही आणि ती अनेक घरांत चुलीचे सरपणही आहे. इतके सारे पर्याय मोजून झाले. त्यांतला एकही पदार्थ असा नाही की ज्याची वाट गाय, चूल, कारखाना किंवा जमीन यांपैकी कोणीतरी पाहत नाही. ‘उपलब्ध’ या शब्दाची ही अवस्था आहे.

धानपट्ट्यापुरता एकच पर्याय खऱ्या अर्थाने विचार करण्याजोगा आहे: धानाचे तणस. कम्बाइन हार्वेस्टर बांधीत उतरल्यापासून तणसाचा मोठा भाग शेतातच विखरून पडतो आणि अनेक ठिकाणी पेटवला जातो. हे तणस तुसापेक्षा अधिक पाणी शोषते. तुसात सिलिका फार असल्यामुळे ते जमिनीत लवकर कुजत नाही, तणस कुजते. म्हणून तणसाच्या गादीचे खत शेताला अधिक लवकर लागू पडते. कोंबडीच्या गादीखतात नत्राचे प्रमाण सुमारे ३ टक्के असते, तर शेणखतात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. रासायनिक खताच्या पोत्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या लहान शेतकऱ्याला या फरकाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

पण तणसाच्या अटी आहेत, आणि पुस्तिकेत त्या एका ओळीत उरकल्या जातात. तणस अखंड घातले तर दोन-चार दिवसांत त्याची चटई होते; वरून कोरडी, खालून ओली. ते दोन ते तीन सेंटीमीटर लांबीचे चिरावे लागते. त्यासाठी कडबा कुट्टी यंत्र हवे. पावसात भिजलेले तणस कितीही वाळवले तरी वापरू नये, कारण त्यातील बुरशीचे कण तलंगांच्या फुप्फुसात जातात. म्हणजे दिवाळीच्या सुमारास कापलेले तणस पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरडे राखण्यास छप्पर हवे. चिरलेले तणस एकटे न घालता निम्मे तूस मिसळून घातले तर गादी मोकळी राहते. म्हणजे पर्यायातही तूस लागतेच, निम्मे का होईना. आणि तुसाची गादी दाताळ्याने चटकन हलते, तशी तणसाची हलत नाही. ती रोज खालीवर करावी लागते, पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग उचलून टाकावा लागतो, नवे चिरलेले तणस घालावे लागते, अधूनमधून चुना भुरभुरावा लागतो.

हे सर्व कोण करते? खुराडे झाडणारी, पाणी भरणारी, धान रोवणारी तीच बाई करते. परसातल्या कुक्कुटपालनाचे हिशेब मांडताना पक्ष्यांची किंमत, खाद्य, औषधे, सारे लिहिले जाते. तिच्या श्रमांच्या रकान्यात मात्र शून्य असते. पिकाच्या उत्पादनखर्चात कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य धरावे, यासाठी शेतकरी चळवळींना झगडावे लागले आणि ते तत्त्व मान्यही झाले. खुराड्याच्या उंबऱ्यापाशी मात्र तेच तत्त्व विसरले जाते. म्हणून ‘स्वस्त’ पर्याय स्वस्त ठरतो. पैशाची बचत होते ती बाईचे श्रम फुकट धरून. शासन तिला कोंड्याचा मांडा करायला सांगते. पण कोंडा मिलमध्ये ठेवून घेते आणि मांडा करण्याच्या मजुरीचा उल्लेखही करत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

या भूमिकेवर काही आक्षेप येतील, आणि त्यांची दखल घेतली पाहिजे.

पहिला आक्षेप ऊर्जेचा. शेतातील अवशेष इंधन म्हणून वापरले तर कोळसा वाचतो, हवा कमी बिघडते; मग खुराड्याचा हट्ट कशाला? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ साली जाहीर केलेल्या धोरणाने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात शेती-अवशेषांच्या गोळ्या ५ टक्क्यांच्या प्रमाणात मिसळण्यास सांगितले. विदर्भात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा आणि तिरोडा येथे कोळशावरची मोठी वीजकेंद्रे आहेत. कारखान्यांचे बॉयलर आणि विटभट्ट्या वेगळ्याच. या धोरणामागील पर्यावरणाचा विचार चूक नाही. शेतात पेटवले जाणारे काड भट्टीत जळणे केव्हाही बरे. पण धोरण ठरवताना अग्रक्रम ठरवावा लागतो. जो पदार्थ प्रथम कोंबडीखाली, मग खड्ड्यात, मग शेतात असा तीनदा उपयोगी पडतो, तो एकदाच जाळून संपवणे ही काटकसर नव्हे. आणि खुराड्याची गरज आहे तरी किती? वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे २० क्विंटल धान देणाऱ्या घराला त्याच्या तुसाचा पाचवा हिस्सा परत मिळाला तरी त्याची पूर्ण गादी तयार होते. निम्मे तणस मिसळले तर दहावा हिस्सा पुरतो. उरलेले नऊ भाग खुशाल बॉयलरला जावेत. दहाव्या भागासाठी देशाची ऊर्जा-सुरक्षा धोक्यात येते, असे कोणी गंभीरपणे म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप बाजाराचा. ज्याला वस्तूचा अधिक उपयोग तो अधिक किंमत देईल आणि वस्तू आपोआप योग्य जागी जाईल, हा तो सिद्धान्त. परंतु बाजारात येणारे दोन ग्राहक सारखे नसतात. बॉयलरचा मालक ट्रकने घेतो, हंगामाआधी करार करतो, उधारी मिळवतो, गोदाम बांधतो. बाई एक पोते घेते, पावसाळ्यात घेते, रोखीने घेते आणि सायकलवर नाही तर डोक्यावर घरी आणते. तिला तुसाची गरज कमी नाही. तिची खरेदीशक्ती कमी आहे. या दोहोंतील फरक पुसून टाकणे हे अर्थशास्त्र नव्हे, पक्षपात आहे.

तिसरा आक्षेप पिंजऱ्यांचा. मोठे अंडी-उत्पादक तारेच्या पिंजऱ्यात पक्षी ठेवतात, तेथे गादीच लागत नाही आणि अंडे स्वस्त पडते. मग २८ कोंबड्यांच्या संसारासाठी धोरण कशाला आखायचे? याचे उत्तर असे की, दोन्हींची तुलनाच चुकीच्या तराजूत होते. मोठ्या फार्मच्या अंड्याचा नफा भांडवल घालणाऱ्याकडे जातो. परसातल्या अंड्याचा नफा आणि ते अंडे दोन्ही घरात राहतात. भूमिहीन किंवा एक-दोन एकरवाल्या कुटुंबातील मुलांच्या ताटात जाणारे अंडे कोणत्या पद्धतीने किती स्वस्त पडते, हा हिशेब नफ्याच्या तक्त्यात येत नाही. आणि शासनानेच जर २५ तलंगांची योजना राबवायचे ठरवले असेल, तर ती अर्धवट राबवण्याचे समर्थन मोठ्या फार्मच्या कार्यक्षमतेने होऊ शकत नाही.

चौथा आक्षेप आपल्याच माणसांकडून येतो. जमिनीचे फेरवाटप, हमीभाव, रोजगार असे मोठे प्रश्न समोर असताना तुसाच्या पोत्याची चर्चा कशासाठी, असे चळवळीतील काही ज्येष्ठ विचारतील. त्यांना नम्रपणे सांगितले पाहिजे की मालकीचा प्रश्न नेहमी सातबाऱ्यावरच भेटत नाही. पिकाचा कोणता भाग माल आणि कोणता कचरा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हाही मालकीचाच प्रश्न आहे. ज्या चळवळीने शेतमालाच्या भावावर आंदोलने केली, तिने १०० किलोंतील ६७ किलोंचाच विचार केला आणि ३३ किलो विनातक्रार सोडून दिले.

काय करता येईल

मागण्या अवास्तव नाहीत. त्यांना नवा कायदाही लागत नाही. धान भरडाईच्या करारात एक अट घालता येईल: धानापासून निघालेल्या तुसाचा दहावा हिस्सा मिलने खरेदी केंद्राकडे परत द्यावा आणि केंद्राने तो धान देणाऱ्या घरांना व महिला बचत गटांना विनामूल्य वाटावा. धान उचलण्यासाठी मिलचा ट्रक गोदामापर्यंत येतोच, आणि तो येताना रिकामा असतो. तूस आणण्यासाठी वेगळ्या वाहतुकीचे निमित्त सांगण्यास जागा नाही. या अटीमुळे भरडाईचा दर थोडा वाढवावा लागला तर तो उघडपणे वाढवावा. शेतकऱ्याच्या खिशातून गुपचूप दिलेल्या सवलतीपेक्षा ते प्रामाणिक ठरेल.

दुसरी गोष्ट तणसाची. तलंगांच्या गटाबरोबर गावपातळीवर कडबा कुट्टी यंत्र आणि तणस कोरडे ठेवण्यास एक शेड यांची तरतूद झाली पाहिजे. एकेका घराला यंत्र देण्याची गरज नाही; दहा-बारा घरांच्या गटाला एक पुरते आणि सहकाराचा अर्थ अशाच ठिकाणी समजतो. तणस चिरण्याचे आणि साठवण्याचे काम हे मजुरीचे काम मानून त्याची मजुरी योजनेच्या खर्चात दाखवली जावी. बाईच्या श्रमाला एकदा किंमत लागली की कोणता पर्याय खरोखर स्वस्त आहे, हे आपोआप कळेल.

तिसरी गोष्ट संशोधनाची. नागपूर येथे २००० साली स्थापन झालेले महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यात कृषी विद्यापीठे आहेत. तूस, तणस आणि त्यांची मिश्रणे यांची तुलना प्रयोगशाळेच्या कोरड्या खोलीत नव्हे, तर गोंदिया-गडचिरोलीच्या पावसाळ्यात, कौलारू खुराड्यात, साध्या पाण्याच्या भांड्यांसह झाली पाहिजे. किती ओलावा राहिला, किती तलंगा अंड्यावर आल्या, गादी हलवण्यास रोज किती वेळ लागला आणि खत शेतात घातल्यावर पिकाला काय मिळाले, या चारही गोष्टी त्यात मोजल्या गेल्या पाहिजेत. तिसरी गोष्ट मोजली नाही, तर बाकीच्या तिन्हींचा निष्कर्ष पुन्हा पुस्तिकेतल्या त्याच निरागस वाक्याकडे जाऊन पोहोचेल.

शेवटी, अवशेषांच्या वापराचा एक क्रम शासनाने जाहीर करावा: प्रथम जमीन, मग गुरे, मग कोंबडी, मग चूल, आणि त्यानंतर उरेल ते बॉयलर व वीजकेंद्र. आजचा क्रम नेमका उलटा आहे. जो सर्वांत मोठा ग्राहक तो सर्वांत आधी आणि जिने पिकवले ती सर्वांत शेवटी. येत्या खरीप हंगामाच्या भरडाईचे करार होतील तेव्हा धानपट्ट्यातील ग्रामसभांनी, बचत गटांनी आणि शेतकरी संघटनांनी एकच प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावा: ६७ किलो तांदूळ शासनाचा, हे मान्य, उरलेल्या ३३ किलोंपैकी आमच्या तलंगांचे दोन किलो कुठे आहेत?